रूपकलीची माणसं

बाई कुत्र्यांना ‘अहो’ म्हणायच्या आणि नगरसेवकाला ‘अरे’.

दवाखान्यातल्या पहिल्याच दिवशी हे कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. टेबलावर एक म्हातारा पॉमेरियन थरथरत उभा होता. बाई त्याचा जबडा उघडून म्हणत होत्या, "आ करा. अजून मोठा. शाब्बास. किती दिवस दुखतंय हो हे?" आणि त्याला घेऊन आलेल्या सफारीतल्या गृहस्थांकडे मान न वळवता, "ए, तू जरा बाजूला हो रे. उजेड अडवतोयस."

ते गृहस्थ तिथल्या वॉर्डाचे नगरसेवक होते. निमूटपणे बाजूला झाले.

मी तेव्हा तिशी ओलांडलेली, घाटकोपरला राहणारी पशुवैद्य. पशुवैद्य म्हणजे पदवीपुरती. सहा वर्षं मी एका कंपनीसाठी जनावरांची औषधं विकत फिरले होते आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आला होता. कुणीतरी सांगितलं, भांडुपला चढावर एक बाई आहेत, त्यांना जोडीला डॉक्टर हवाय, पण त्यांच्याकडे कुणी टिकत नाही. म्हटलं, बघू या.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर बाकडं आणि पाटी. पाटीवर बाईंचं नाव नव्हतं, डिग्री नव्हती. नुसतं ‘जनावरांचा दवाखाना’ आणि खाली ‘वेळ : डॉक्टर असतील तेव्हा’. त्या बहुतेक वेळ असायच्याच. साठीच्या आसपासची, ठेंगणी, खांद्याने रुंद बाई. अंगात सुती साडी, त्यावर पुरुषी खाकी शर्ट, आणि शर्टाच्या खिशात थर्मामीटर, सुपारी, कात्री, सगळं एकत्र. मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. रागावल्या की मालवणीत शिरायच्या आणि खूश झाल्या तरी मालवणीतच, त्यामुळे नवीन माणसाला अंदाज यायचा नाही.

त्यांच्या रजिस्टरमध्ये पहिल्या रकान्यात जनावराचं नाव आणि दुसऱ्यात ‘माणूस’. म्हणजे ‘मोती – माणूस : गावडे’, ‘मनी – माणूस : शेजारच्या शहाबाई’. मी एकदा म्हटलं, "बाई, मालक असं लिहू या ना."

"मालक?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुका कोणी विकत घेतलाहा काय गो? मग ह्यांका कित्याक?"

तो विषय तिथेच संपला.

मुलुंडच्या एका उंच टॉवरमधला एक माणूस यायचा. त्याचा लॅब्रेडॉर, सिम्बा, दुपारी फिरायला नेला की रस्त्यात बसकण मारायचा. माणसाचं म्हणणं, कुत्रा आळशी झालाय, गोळ्या द्या. बाईंनी सिम्बाचे पंजे उलटे करून पाहिले आणि त्या माणसाला म्हणाल्या, "चल, बाहेर ये. बूट काढ. मोजेपण."

"का?"

"काढ तर."

एप्रिलचं ऊन, दुपारचा एक वाजलेला. त्याला डांबरी रस्त्यावर उभा करून बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. वीस सेकंदांत तो एका पायावर नाचायला लागला. "एक मिनिट तरी थांब," बाई म्हणाल्या. "तुझा कुत्रा रोज अर्धा तास थांबतो." बाकड्यावरचे लोक हसत होते. मला वाटलं, हा आता पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. तो पुढच्याच आठवड्यात आला, सिम्बाला पहाटे फिरवून.

बाईंच्या डोक्यात सगळं पायापासून सुरू व्हायचं. "आधी पाय बघायचे," त्या मला शिकवायच्या. "तोंड नंतर. जनावर दुखणं तोंडावर आणत नाही, पायात लपवतं." हे त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. त्या लहान होत्या तेव्हा गिरणी बंद पडली आणि वडिलांनी काही महिने एका सर्कशीच्या तंबूवर राखणदाराचं काम केलं. दुपारी डबा द्यायला बाई जायच्या. मागच्या बाजूला एक हत्तीण साखळीला बांधलेली असायची आणि दिवसभर एकाच जागी डुलत राहायची. बाईंनी विचारलं, "बाबा, ती नाचता काय?" वडील म्हणाले, "नाय गो. तिचे पाय दुखतत. कधी ह्यो उचलता, कधी त्यो."

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, ते पण एका मांजरीला टाके घालता घालता.

रूपकली आमच्याकडे आली नाही. आम्हीच तिच्याकडे गेलो, आणि तेसुद्धा अपघाताने. माघी गणेशाचा दिवस होता. दवाखान्याच्या चढाखालच्या देवळासमोर गर्दी जमलेली. पाहतो तर रस्त्याच्या कडेला एक हत्तीण. कपाळावर खडूने काढलेली वेलबुट्टी, पाठीवर विटलेली मखमल. सोंडेत केळं दिलं की ती ते मागच्या म्हाताऱ्या माहुताला द्यायची आणि देणाऱ्याच्या डोक्यावर सोंड ठेवायची. लोक आशीर्वाद घ्यायला डोकी पुढे करत होते.

बाई गर्दीत घुसल्या आणि थेट तिच्या पुढच्या उजव्या पायाशी खाली बसल्या. जवळजवळ आडव्याच झाल्या म्हणा ना. लोकांना वाटलं, काय ही भक्ती! कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला. त्यांच्यामागे चार बायका पाया पडायला रांगेत उभ्या राहिल्या.

बाई उठल्या त्या संतापूनच. हातातला नारळ उगारून ओरडल्या, "पाया काय पडताय? पाय बघा तिचे! पाय बघा!"

मी वाकून बघितलं. तळव्याला बोटभर रुंद भेग होती आणि तिच्यातून पू वाहत होता. नखांच्या मुळाशी गळू. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा आलेला. पन्नाशीची असेल, आणि आयुष्यभर डांबरावर चाललेली.

माहुताचं नाव इद्रिस. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. उत्तरेकडचे, सत्तरीला टेकलेले, हत्तिणीइतकेच थकलेले. ते हात जोडून म्हणाले, "डॉक्टरनीजी, मालिक को पता चला तो मुझे निकाल देगा. इसको कोई और ले जाएगा. वो मारेगा इसको."

बाईंचं हिंदी भयंकर होतं, पण त्याने त्यांचं कधी अडलं नाही. "चाचा, तुम्हारा पोट और इसका पाय, दोनो मेरेकू दिखता है. उद्या से मैं आएगी."

आणि खरोखरच गेल्या. मिठागरांच्या बाजूला एका मोकळ्या जागेत चाचांचा मुक्काम होता. रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी आम्ही तिथे. मोठ्या घमेल्यात कोमट पाणी, त्यात औषधी मीठ, त्यात रूपकलीचा पाय. "अर्धा तास उभ्या राहा हं, बाईसाहेब," असं तिला सांगून बाई तिच्यासमोर स्टुलावर बसायच्या आणि पेपर वाचायच्या, मोठ्याने. रूपकली एक कान हलवत ऐकायची. चाचा पहिले आठ दिवस लांब उभे राहिले. नवव्या दिवशी त्यांनी पाणी तापवून ठेवलं होतं. त्या दिवशी बाईंनी रजिस्टरमध्ये नोंद केली, ‘रूपकली – माणूस : इद्रिस’.

मालक कुठेतरी दूर राहायचा. हत्तीण वरातींना भाड्याने द्यायचा. तिच्या कागदपत्रांची मुदत केव्हाच संपलेली होती, आणि होती तीही भलत्याच माणसाच्या नावावर. तिला ताब्यात घ्या, असा बाईंनी वनखात्यात अर्ज केला. मग दर सोमवारी भांडुपहून बोरिवली, पिशवीत डबा आणि रूपकलीच्या पायाचे फोटो. तिथला तरुण अधिकारी सज्जन होता, पण फाईल सज्जन नव्हती. एकदा मीही बरोबर होते. साहेब जेवायला बसलेले. बाईंनी डब्याशेजारी फोटो मांडले.

"बाई, निदान जेवताना तरी नको हो."

"बाळा, ती ह्याच पायावर उभी राहून जेवते," बाई म्हणाल्या, आणि आपला डबा उघडून त्याच्यासमोर जेवायला बसल्या. साहेबांनी डबा झाकला आणि फाईल उघडली.

एप्रिलच्या एका सकाळी सातला चाचांचा फोन आला. नुसते रडत होते. आम्ही रिक्षाने पोचलो तर मैदानात ट्रक उभा. लग्नसराई होती. मालकाला अर्जाची कुणकुण लागली होती आणि त्याने हत्तीण परराज्यात हलवायला मुकादम पाठवला होता. पण ट्रकवर चढवताना रूपकलीचा दुखरा पाय घसरला होता, आणि ती कुशीवर पडली होती.

पडलेला हत्ती म्हणजे काय, हे मी तोवर फक्त वाचलं होतं. स्वतःच्याच वजनाखाली त्याची फुप्फुसं दबतात. तास मोजायचे असतात. दर श्वासाला तिच्या सोंडेपुढची धूळ उडत होती. डोळा उघडा, आणि त्यातून पाण्याची ओळ मातीपर्यंत गेलेली.

मुकादम तिच्या मागच्या पायाला साखळी बांधत होता. दुसरं टोक ट्रकला. ओढून फळीवर घ्यायचा बेत. बाईंनी छत्री उघडली, रूपकलीच्या कपाळाला पाठ टेकली आणि मातीत बसल्या.

"ओढ. आधी मी येते, मग ती."

"ओ मावशी, उठा! मालकाचा माल आहे. मला संध्याकाळच्या आत नाक्याबाहेर पडायचंय."

"नाश्ता केलास?"

"काय?"

"पोटात काही नसलं की माणूस असा ओरडतो. बस तिकडे सावलीत. चाचा, इसको चाय दो."

मुकादमाला हे असं कधी कुणी बोललं नसावं. तो शिव्या देत राहिला, फोनवर मालकाशी बोलत राहिला, पण साखळी ओढायची हिंमत त्याला झाली नाही. तेवढ्यात मी बोरिवलीला फोन लावला. साहेब म्हणाले, "ऑर्डर तयार आहे, एक सही राहिलीय. मी स्वतः घेऊन निघतो. तोवर तिला हलवू देऊ नका."

"हलवू नका म्हणे," बाई पुटपुटल्या. "उठवायची कशी ते विचार." मग माझ्याकडे वळल्या. "दवाखान्यात जा. रजिस्टर काढ. सगळ्यांच्या माणसांना फोन लाव."

मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. "नमस्कार, ब्रूनोच्या घरून बोलताय का? बाईंचा निरोप आहे."

ब्रूनोचा माणूस मेट्रोच्या कामावर सुपरवायझर होता. तो हायड्रा क्रेन घेऊन आला, रुंद कापडी पट्ट्यांसकट. मोतीचे गावडे गॅरेजवाले, त्यांनी टेम्पोभर जुने टायर आणले. मनीच्या शहाबाईंचा भाऊ मंडप घालायचा. त्याने तासाभरात रूपकलीवर लग्नाचं छत उभं केलं, झालरीसकट. समोरच्या वस्तीतल्या बायका हंडे घेऊन आल्या आणि तिच्या अंगावर ओले गोणपाट टाकत राहिल्या. आणि मुलुंडच्या टॉवरमधला तो सिम्बाचा माणूस ऑफिस सोडून आला. टाय घातलेला. बाईंनी चाचांचा अंकुश बांबूच्या टोकाला बांधला, त्यावर सलाईनची बाटली अडकवली आणि बांबू त्याच्या हातात दिला. "हलू नकोस." तो तीन तास हलला नाही.

सलाईन मी लावलं, कानामागच्या शिरेत.

साडेअकराला साहेब आले. कागद मुकादमाला दाखवला. हत्तीण आता सरकारच्या ताब्यात. मुकादम खांदे उडवून ट्रकच्या सावलीत जाऊन बसला.

पहिला प्रयत्न बाराला. पोटाखालून एक पट्टा घातला, क्रेनने उचललं. ती हातभर वर आली, पाय मातीत खरडले, आणि पट्टा सरकला. ती पुन्हा कोसळली. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. तिचा श्वास आता तुटक झाला होता.

मी बाईंच्या कानाशी गेले. जे म्हणाले ते विचार करूनच म्हणाले, आणि मला त्याची आजही लाज नाही, पण ते चुकीचं होतं. "बाई, पुरे. शांतपणे जाऊ दे तिला. औषध आहे आपल्याकडे."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि रूपकलीच्या सोंडेच्या टोकाशी नेला. त्या थकलेल्या, धुळीने माखलेल्या टोकाने बाईंचं बोट धरलेलं होतं. घट्ट.

"जायचं असतं तर धरलं असतं?" त्या म्हणाल्या. "पट्टा पुन्हा बांधा. या वेळी दोन. आणि टायर आत सारा, ती वर आली की लगेच. परत पडता कामा नये."

एक वाजून गेला होता. क्रेनचा दोर ताणला. ती वर आली. आम्ही टायर, वाळूची पोती, जे हाताला येईल ते तिच्या कुशीखाली सारत होतो. माझ्या शेजारी कुणीतरी घामाने निथळत पोतं रेटत होतं. बघते तर सकाळी साखळी आणणारा मुकादम. चाचा समोर उभे राहून त्यांच्या बोलीत तिला हाका मारत होते, लहान मुलाला माराव्यात तशा. ती गुडघ्यांवर आली. थांबली. सगळं अंग थरथरत होतं. आणि मी बाईंचा आवाज ऐकला.

"ऊठ गो बाये. ऊठ. माका लाज आणू नको. ऊठ!"

इतक्या वर्षांत बाईंनी एखाद्या जनावराला एकेरीत हाक मारल्याचं मी फक्त त्या दिवशी ऐकलं.

रूपकलीने मागचे पाय रोवले, पुढचा चांगला पाय टाकला, आणि उठली. पट्टे सैल पडले. ती आपल्या पायांवर उभी होती. लग्नाच्या त्या झालरीच्या छताला तिने डोक्याने धक्का दिला आणि अर्धा मंडप खाली आणला, तेव्हा मंडपवाल्यानेच सगळ्यात मोठी आरोळी ठोकली.

पण बाई अजून गंभीर होत्या. वाकून तिच्या मागच्या बाजूला बघत होत्या. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग एकदम दोन्ही हात वर करून त्यांनी उडी मारली. "लघवी झाली! अरे, लघवी झाली! मूत्रपिंडं शाबूत आहेत!" आणि तिथल्या शंभर-सव्वाशे लोकांनी, वस्तीतल्या बायकांनी, साहेबांनी, टायवाल्याने, हत्तीच्या लघवीला टाळ्या वाजवल्या.

पुढे महिनाभर तिला तिथेच वाळूवर ठेवलं. भेग भरत आली. एका दूरच्या राज्यात, उसाच्या पट्ट्यात, हत्तींसाठी केंद्र होतं. त्यांनी तिला घ्यायचं कबूल केलं. ‘प्रवासाला योग्य’ हा दाखला बाईंनी द्यायचा होता, आणि बाई सही करेनात. केंद्रवाले फोनवर वैतागले. "मॅडम, हत्ती फिट है ना?"

"हत्ती फिट है. पण उसका माणूस किधर है तुम्हारे कागद में?"

केंद्राचं म्हणणं, जुने माहूत आम्ही घेत नाही, त्यांना मारायची सवय असते. बाई म्हणाल्या, सवय लागते तशी सुटते, मी रोज बघतेय. तीन दिवस अशी ओढाताण चालली. चाचांना हे कळलं तेव्हा त्यांनी तो अंकुश आणून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. बाईंनी त्याचा फोटो काढून केंद्राला पाठवला. चौथ्या दिवशी चाचांच्या नेमणुकीचं पत्र आलं. मग सही झाली.

बाई स्वतः ट्रकबरोबर गेल्या. दर दोन तासांनी थांबत, उसाची मोळी देत, पाय बघत. मी दवाखाना सांभाळला. परत आल्या आणि थेट पेशंट बघायला बसल्या. खोदून विचारल्यावर सांगितलं. केंद्रात पोचल्यावर चाचांनीच रूपकलीच्या पायातली साखळी काढली. समोर मोकळं रान, पलीकडे तळं, तळ्यात आणखी तीन हत्तिणी. रूपकली पाच पावलं चालली आणि वळली. पुन्हा पाच पावलं, पुन्हा वळली. साखळी जेवढी लांब होती तेवढंच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घाई कोणाक आसा?" त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

रोज संध्याकाळी चाचांचा फोन यायचा. आज पाच. आज पाच. आज सहा, पण परत फिरली. असे तीन आठवडे. बाई फोन ठेवायच्या आणि पुढच्या पेशंटला म्हणायच्या, "या, बसा."

आता बाई मालवणला असतात. दवाखाना मी चालवते. रजिस्टर तेच, रकाने तेच. लोक मला विचारतात, त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा. मी त्यांना त्या जूनमधल्या सकाळचं सांगते.

दवाखाना गच्च भरलेला होता. सात कुत्री, दोन मांजरी, टोपलीत एक ससा. चाचांचा व्हिडिओ फोन आला, भलत्याच वेळी. बाईंनी हातमोजे तसेच ठेवून कोपराने फोन उचलायचा प्रयत्न केला, शेवटी मी उचलून धरला. पडद्यावर रूपकलीची पाठ. ती चालत होती. चाचा कुजबुजत मोजत होते. "पाँच... छह... सात..." आठव्या पावलाला ती थांबली. दवाखान्यात कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती, असं मला आठवतं, खरं नसेलही. तिने मान वळवून मागे बघितलं, चाचांकडे. सोंडेने पुढची जमीन चाचपली. मग नववं पाऊल टाकलं, दहावं, आणि त्यानंतर चाचांनी मोजणं सोडलं, कारण ती पळायला लागली होती. पन्नाशीची, एका डोळ्याने अधू बाई, कान उडवत, उतारावरून सरळ तळ्याकडे.

दवाखान्यात एकच कल्लोळ झाला. लोक बाकड्यांवर चढले. "हळू रे," बाई ओरडल्या, "ससेबुवा घाबरतील!" आणि स्वतःच दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. हातमोज्यांसकट.

पडद्यावर पाणी फुटलं. पलीकडच्या तिघी तिच्याकडे येऊ लागल्या. एवढंच दिसलं, कारण मग चाचा धावायला लागले असावेत आणि फोन त्यांच्या हातून गवतात पडला. पडद्यावर नुसतं आभाळ उरलं. पण आवाज येत होते, पाण्याचे, चार हत्तिणींचे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हसण्याचे. आम्ही सगळे, माणसं आणि जनावरं, कितीतरी वेळ ते आभाळ बघत उभे राहिलो.